वाचकांचे प्रश्न : लघुग्रहाची टक्केवारी का चढते आणि का उतरते?

पृथ्वीजवळून जाणाऱ्या लघुग्रहांविषयी वाचकांची बरीच पत्रे आली आहेत. ज्यांचा आशय सारखा होता ती एकत्र करून त्यांतील सात प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : ‘२०२४ वायआर४’ हा लघुग्रह २०३२ साली पृथ्वीवर आदळण्याची शक्यता आधी १ टक्का, मग २ आणि मग ३ टक्क्यांहून अधिक असल्याचे वाचले होते. त्यानंतर आठवडाभरातच ती जवळजवळ शून्य झाल्याचे जाहीर झाले. एवढ्या दिवसांत लघुग्रहाने वाट बदललेली नसणार. मग चुकले कोण?

उत्तर : चूक कोणाचीच नव्हती. ही टक्केवारी लघुग्रहाविषयी जेवढे सांगते त्याहून अधिक, आपल्याला त्याच्याविषयी किती ठाऊक आहे हे सांगते. एवढे ध्यानात आले की आकड्यांचा हा चढउतार कोड्यात टाकत नाही.

हा लघुग्रह २७ डिसेंबर २०२४ रोजी चिलीमधील ॲटलास दुर्बिणीला सापडला. त्याच्या दोनच दिवस आधी तो पृथ्वीपासून सुमारे ८ लाख ३० हजार किलोमीटर अंतरावरून निघून गेला होता. दूर जाणाऱ्या आणि दिवसेंदिवस अंधुक होत जाणाऱ्या एका ठिपक्याचे मोजक्या आठवड्यांतले वेध हाती होते आणि त्यांच्या आधारावर आठ वर्षांनंतरचे, म्हणजे २२ डिसेंबर २०३२ चे, त्याचे स्थान काढायचे होते. प्रत्येक वेधात ठिपक्याच्या जागेची सूक्ष्म त्रुटी राहतेच. तिच्यामुळे लघुग्रहाचा सूर्याभोवती फिरण्याचा काळ किंचित कमी किंवा अधिक ठरतो आणि तेवढ्यानेही आठ वर्षांत तो आपल्या वाटेवर लाखो किलोमीटर पुढे किंवा मागे पडू शकतो. त्यामुळे गणितातून त्या दिवसासाठी एखादा नेमका बिंदू हाती येत नाही. लघुग्रह जिच्यात कोठेही असू शकेल अशी एक लांबलचक, अरुंद पट्टी हाती येते.

आता थोडे सोपे गणित करू. ही पट्टी १० लाख किलोमीटर लांब आहे, पृथ्वी तिच्या आत कोठेतरी आहे आणि लघुग्रह पट्टीवर कोठेही असण्याची शक्यता सारखीच आहे, असे धरा. पृथ्वीचा व्यास सुमारे १२,७४२ किलोमीटर असल्याने आदळण्याची शक्यता साधारण १.३ टक्के येते. आणखी वेध मिळाले, पट्टी आखडून ४ लाख किलोमीटरवर आली आणि पृथ्वी अजूनही तिच्या आतच राहिली, तर तोच भागाकार ३.२ टक्के देतो. म्हणजे आपले ज्ञान वाढले आणि त्याच कारणाने आकडाही वाढला. पट्टी १ लाखावर आली की मात्र निकाल लागण्याची वेळ येते : पृथ्वी अजूनही आत असेल तर शक्यता १२ टक्क्यांच्या पुढे जाते आणि बाहेर पडली असेल तर कोसळते. प्रत्यक्षात पट्टीच्या मध्यभागी शक्यता दाट आणि टोकांकडे विरळ असते, म्हणून आकडा एका झटक्यात शून्य न होता काही दिवसांत घसरत जातो.

वायआर४ च्या बाबतीत नेमके हेच घडले. पौर्णिमेच्या सुमारास चंद्रप्रकाशामुळे वेध घेणे अवघड झाले होते. त्यानंतर १८ फेब्रुवारी २०२५ रोजी नासाच्या गणितात ही शक्यता ३.१ टक्क्यांपर्यंत गेली; युरोपीय अवकाश संस्थेचा स्वतंत्रपणे काढलेला आकडा थोडा खाली, २.८ टक्के, होता. पुढच्या काही रात्रींच्या वेधांनी पृथ्वी पट्टीबाहेर पडली आणि महिना संपण्यापूर्वी हा आकडा हजारात एकाच्याही बराच खाली आला. ज्या दिवशी शक्यता ३ टक्के असल्याचे सांगितले गेले, त्याच दिवशी ती शून्याकडे जाण्याची शक्यता ९७ टक्के असल्याचेही त्याच आकड्यात आले होते. मथळ्यात मात्र दोन्ही बाजू मावत नाहीत.

प्रश्न : हे आकडे ठरवते कोण? एकच संस्था पाहते आणि तीच जाहीर करते, असे आहे का?

उत्तर : नाही, आणि ही व्यवस्था जाणीवपूर्वक तशी ठेवलेली आहे.

सुरुवात सर्वेक्षण करणाऱ्या दुर्बिणींपासून होते. ॲरिझोनातील कॅटालिना सर्वेक्षण, हवाईमधील पॅन-स्टार्स आणि हवाई, चिली व दक्षिण आफ्रिका येथे दुर्बिणी असलेले ॲटलास ही त्यांतली महत्त्वाची नावे. आकाशाच्या एकाच तुकड्याची थोड्या थोड्या वेळाने तीन-चार छायाचित्रे घ्यायची, त्यांत तारे जागच्या जागी असताना सरकलेला ठिपका संगणकाकडून शोधून घ्यायचा आणि त्याची स्थाने केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथील लघुग्रह केंद्राकडे पाठवायची, असा हा क्रम आहे. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या अधिपत्याखाली चालणारे हे केंद्र जगभरातून आलेल्या वेधांची नोंद ठेवते, नव्या ठिपक्यांची यादी सर्वांसाठी खुली करते आणि मग इतर वेधशाळा, त्यांत हौशी निरीक्षकही आले, त्या ठिपक्यांच्या मागे लागतात. कक्षा पुरेशी पक्की झाली की नासाच्या जेट प्रोपल्शन प्रयोगशाळेतील ‘सेंट्री’, इटलीतील ‘निओडिस’ आणि युरोपीय अवकाश संस्थेचे केंद्र अशा तीन ठिकाणी पुढील शंभर वा अधिक वर्षांचे टकरीचे गणित वेगवेगळ्या पद्धतींनी मांडले जाते. निकाल जुळतात की नाही हे पाहण्याची रीत आहे. न जुळल्यास आधी गणित तपासले जाते.

ही शिस्त एका फजितीतून आली आहे. ११ मार्च १९९८ रोजी ‘१९९७ एक्सएफ११’ हा लघुग्रह २०२८ साली पृथ्वीच्या अगदी जवळून जाईल आणि आदळण्याची शक्यताही पुरती फेटाळता येत नाही, असे जाहीर झाले आणि जगभर खळबळ उडाली. दुसऱ्याच दिवशी १९९० सालच्या जुन्या छायाचित्रांत तोच लघुग्रह सापडला; आठ वर्षांचा धागा हाती आल्यावर कक्षा पक्की झाली आणि तो सुमारे ९ लाख ६० हजार किलोमीटर दूर राहणार असल्याचे कळले. पुढच्याच वर्षी टोरिनो येथील परिषदेत शून्य ते दहा अशी धोक्याची मापश्रेणी स्वीकारली गेली. तिच्यात शक्यतेबरोबर संभाव्य आघाताची ऊर्जाही धरली जाते. म्हणूनच ३.१ टक्क्यांचा वायआर४ या श्रेणीवर ३ पर्यंतच गेला, तर २००४ साली २.७ टक्क्यांवर पोहोचलेला, पण आकाराने कितीतरी मोठा असलेला ॲपोफिस ४ वर गेला होता. आजवर त्याहून वर कोणी गेलेले नाही.

अभ्यासक स्वतः ‘पालेर्मो’ नावाची दुसरी मापश्रेणी अधिक वापरतात. तेवढ्याच किंवा त्याहून मोठ्या एखाद्या अनोळखी लघुग्रहाचा त्या तारखेपर्यंत एरवीच जो धोका असतो, त्याच्याशी ती तुलना करते. श्रेणीवर शून्य आले तर धोका त्या नेहमीच्या धोक्याइतका आणि उणे दोन आले तर त्याच्या शंभराव्या भागाइतका. वर्तमानपत्रात ही श्रेणी सहसा दिसत नाही. माझ्या मते लोकांना धीर देण्याच्या कामी ती टोरिनोपेक्षा अधिक उपयोगी पडेल.

प्रश्न : “आज रात्री विमानाएवढा धोकादायक लघुग्रह पृथ्वीजवळून जाणार” अशा बातम्या जवळजवळ दर आठवड्याला येतात. त्यांतल्या कोणत्या मनावर घ्याव्यात?

उत्तर : बहुतेक कोणत्याच नाहीत. ‘संभाव्य धोकादायक’ हे वर्गीकरणाचे नाव आहे, इशारा नव्हे. ज्या लघुग्रहाची कक्षा पृथ्वीच्या कक्षेपासून ७५ लाख किलोमीटरच्या आत येते आणि ज्याचा आकार अंदाजे १४० मीटर किंवा त्याहून अधिक आहे, तो या यादीत जातो. ७५ लाख किलोमीटर हे चंद्राच्या अंतराच्या साडेएकोणीस पट झाले. शिवाय येथे दोन कक्षांमधले अंतर मोजलेले असते. त्या जागी पृथ्वी आणि लघुग्रह एकाच वेळी असतीलच असे नाही. बातमीत अंतर चंद्राच्या पटीत दिलेले नसेल आणि आकार मात्र विमाने किंवा मैदाने यांच्या मापात दिला असेल, तर पुढचे पान उलटावे.

आकाराचे आकडेही सावधपणे वाचायला हवेत. साध्या दुर्बिणीला केवळ लघुग्रहाने परावर्तित केलेला सूर्यप्रकाश दिसतो. कोळशासारखा काळा मोठा दगड आणि फिकट रंगाचा लहान दगड सारखेच तेजस्वी दिसू शकतात. एक ४ टक्के आणि दुसरा २५ टक्के प्रकाश परत पाठवत असेल, तर त्यांच्या व्यासांत अडीच पटींचा फरक पडतो. वायआर४ चा व्यास आरंभी ४० ते ९० मीटर असा ढोबळ सांगितला गेला तो याच कारणाने, आणि या दोन टोकांमधल्या वस्तुमानांत अकरा पटींहून अधिक तफावत होते. पुढे वेब अवकाश दुर्बिणीने त्याची उष्णता अवरक्त प्रकाशात मोजली आणि व्यास ६० मीटरच्या आसपास असल्याचे ठरले.

प्रश्न : एवढी यंत्रणा असूनही २०१३ साली रशियातील चेल्याबिन्स्कवर आलेला लघुग्रह आधी का दिसला नाही? उद्या तसाच मोठा आला तर?

उत्तर : तो सूर्याच्या दिशेने आला. दुर्बिणी रात्री आणि सूर्यापासून दूरच्या आकाशात पाहतात. दिवसाच्या उजेडातून येणारा दगड जमिनीवरच्या कोणत्याही दुर्बिणीला दिसत नाही. १५ फेब्रुवारी २०१३ च्या सकाळी सुमारे २० मीटर व्यासाचा तो दगड सेकंदाला १९ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरला आणि साधारण ३० किलोमीटर उंचीवर फुटला. मुक्त झालेली ऊर्जा ४०० ते ५०० किलोटन स्फोटकांएवढी होती. सुमारे दीड हजार लोक जखमी झाले, त्यांतले बहुतेक फुटलेल्या काचांमुळे. झगझगीत उजेड दिसल्यावर माणसे कुतूहलाने खिडकीपाशी गेली आणि एक-दोन मिनिटांनी आघातलाट येऊन पोहोचली. प्रकाश आधी येतो आणि लाट मागून येते, एवढे ठाऊक असते तर बऱ्याच जखमा टळल्या असत्या. आकाशात असा लखलखाट दिसल्यास काचेपासून दूर होणे हा या साऱ्या विषयातला एकमेव घरगुती उपाय आहे.

योगायोग असा, की त्याच दिवशी दुसरा एक लघुग्रह पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे २७,७०० किलोमीटरवरून जाणार होता आणि अभ्यासकांचे डोळे त्याच्याकडे लागलेले होते. त्याचे आगमन वर्षभर आधीपासून ठाऊक होते. या दोघांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. ते वेगवेगळ्या दिशांनी आले होते.

सूर्य हे लपण्याचे एकमेव ठिकाण नाही. जुलै २०१९ मध्ये ‘२०१९ ओके’ हा वायआर४ च्या बरोबरीचा किंवा त्याहून मोठा लघुग्रह पृथ्वीपासून सुमारे ७० हजार किलोमीटरवरून गेला आणि तो जेमतेम एक दिवस आधी ओळखला गेला. सर्वेक्षणाच्या छायाचित्रांत तो आधीही उमटला होता, पण सरळ आपल्याच रोखाने येत असल्यामुळे ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर तो जवळजवळ सरकतच नव्हता. संगणक सरकणारे ठिपके शोधतो आणि जो खरोखर अंगावर येतो तो जागचा हलत नाही, ही या कामातली सर्वांत खोचक अडचण मला वाटते.

यावर दोन दिशांनी काम चालू आहे. चिलीतील व्हेरा रुबिन वेधशाळेच्या ८.४ मीटरच्या आरशाने चाचणीच्या दहाएक तासांच्या छायाचित्रांतच २,१०४ नवे लघुग्रह टिपले, त्यांत सात पृथ्वीनिकट होते. दुसरीकडे नासाची ‘निओ सर्व्हेयर’ ही अवरक्त दुर्बीण पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटर सूर्याच्या बाजूला ठेवण्याची योजना आहे. तेथून ती सूर्याच्या दिशेकडच्या आकाशात आजच्या दुर्बिणींपेक्षा बरेच आत पाहू शकेल आणि काळे दगडही त्यांच्या उष्णतेवरून ओळखेल. एक किलोमीटरहून मोठ्या पृथ्वीनिकट लघुग्रहांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक सापडलेले आहेत आणि त्यांच्यापैकी कोणाकडूनही नजीकच्या काळात धोका नाही. १४० मीटर आणि त्याहून मोठ्यांपैकी मात्र निम्म्याहून कमी सापडले आहेत. खरी चिंता याच गटाची आहे.

उलट बाजूही सांगायला हवी. अगदी लहान दगड आता आदळण्यापूर्वी काही तास सापडू लागले आहेत. पहिला मान ‘२००८ टीसी३’ या सुमारे चार मीटरच्या लघुग्रहाचा. तो ६ ऑक्टोबर २००८ रोजी कॅटालिनाला दिसला आणि एकोणीस-वीस तासांनी सुदानच्या वाळवंटावर, गणिताने सांगितलेल्या जागी आणि वेळी, फुटला. खार्टुम विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी रांगा करून वाळवंट पिंजून काढले आणि त्याचे काळे तुकडे गोळा केले. त्या अशनीला ‘अल्महाता सित्ता’, म्हणजे अरबीत ‘स्थानक सहा’, असे नाव पडले, कारण जवळची ठळक खूण म्हणजे रेल्वेचे ते एकाकी स्थानक.

प्रश्न : पुढच्या महिन्यात येणारा दगड ठाऊक नसताना बेन्नू हा लघुग्रह २१८२ साली आदळण्याची शक्यता कशी सांगता येते?

उत्तर : जो सापडलेला आहे आणि नीट मोजलेला आहे, त्याचे भविष्य फार दूरपर्यंत सांगता येते, जो सापडलेलाच नाही, त्याचे उद्याचेही सांगता येत नाही. बेन्नूच्या बाबतीत तर ओसायरिस-रेक्स यान त्याच्या भोवती दोन वर्षांहून अधिक काळ होते आणि त्याने तेथून आणलेली माती २४ सप्टेंबर २०२३ रोजी पृथ्वीवर उतरली. त्या मुक्कामातल्या मोजमापांवरून २४ सप्टेंबर २१८२ या तारखेची शक्यता २,७०० मध्ये १, म्हणजे ०.०३७ टक्के, अशी काढण्यात आली.

एवढ्या लांब पल्ल्याच्या गणितात गुरुत्वाकर्षण पुरत नाही, सूर्याची ऊबही धरावी लागते. फिरणाऱ्या लघुग्रहाची दुपारची बाजू सर्वांत तापलेली असते आणि ती उष्णता बाहेर टाकताना त्याला अत्यंत क्षीण धक्का बसतो. यार्कोव्स्की या अभियंत्याच्या नावाने ओळखला जाणारा हा परिणाम बेन्नूची कक्षा दर वर्षी सुमारे २८४ मीटरने लहान करतो. वर्षाला अडीचशे-तीनशे मीटर म्हणजे काहीच नव्हे असे वाटेल, पण शतकभरात लघुग्रह वेळापत्रकाच्या किती पुढे जाईल हे त्यावरच ठरते.

प्रश्न : २०२९ साली ॲपोफिस कृत्रिम उपग्रहांपेक्षाही जवळून जाणार, हे खरे आहे का? आणि त्याचा धोका खरोखर संपला आहे का?

उत्तर : दोन्हीचे उत्तर होय. १३ एप्रिल २०२९ रोजी साडेतीनशे मीटरच्या आसपासचा हा लघुग्रह पृष्ठभागापासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून जाईल. दळणवळणाचे भूस्थिर उपग्रह याहून वर, ३५,७८६ किलोमीटरवर, असतात. स्वच्छ आणि अंधाऱ्या आकाशात युरोप, आफ्रिका आणि पश्चिम आशियातून तो नुसत्या डोळ्यांनी सरकताना दिसेल. एवढ्या आकाराचा दगड एवढ्या जवळून जाताना पाहण्याची संधी माणसाला पूर्वी मिळालेली नाही.

त्याची आदळण्याची शक्यता २७ डिसेंबर २००४ रोजी २.७ टक्क्यांवर गेली होती. आदल्याच दिवशी हिंदी महासागरात त्सुनामी आलेली असल्याने जगाचे तिकडे लक्षही नव्हते, आणि त्याच वर्षीच्या मार्चमधील जुनी छायाचित्रे सापडताच २०२९ ची टक्कर निकालात निघाली. एक शंका मात्र बरीच वर्षे राहिली : २०२९ च्या भेटीत तो अवकाशातल्या सुमारे ६०० मीटर रुंदीच्या एका विशिष्ट फटीतून गेला, तर पृथ्वीच्या ओढीने त्याची कक्षा नेमकी अशी वळेल, की २०३६ साली तो परत येऊन आदळेल. पुढच्या वेधांनी ती शंकाही मिटली आणि मार्च २०२१ मधील रडारच्या मोजमापांनंतर किमान शंभर वर्षे तो आदळणार नाही, असे ठामपणे सांगण्यात आले.

प्रश्न : समजा, खरोखरच १०० टक्के आकडा आला, तर काही करता येईल का? अणुबॉम्बने दगड फोडता येणार नाही का?

उत्तर : फोडण्याची गरजच पडू नये, असा प्रयत्न असतो. अवकाशात टक्कर म्हणजे दोन गोष्टी एका जागी एकाच क्षणी असणे. लघुग्रहाला काही मिनिटे उशीर झाला तरी पृथ्वी तेथून निघून गेलेली असते. आदळण्याच्या दहा वर्षे आधी त्याचा वेग सेकंदाला अवघ्या एका सेंटिमीटरने बदलला, तरी सरळ हिशेबाने ३ हजार किलोमीटरचा फरक पडतो. त्याच्या प्रदक्षिणेचा काळही बदलत असल्याने प्रत्यक्षात तो साधारण तिप्पट होतो, म्हणजे पृथ्वीच्या त्रिज्येहून अधिक. तेच एक वर्ष आधी करायचे म्हटले तर दहापट जोराचा धक्का लागेल. संपूर्ण शोधमोहिमेचा आग्रह ‘लवकर सापडला पाहिजे’ यावर आहे तो याच भागाकारामुळे.

हा धक्का देऊन पाहिलेलाही आहे. २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाचे ‘डार्ट’ यान डायमॉर्फोस या सुमारे दीडशे मीटरच्या लघुग्रहावर सेकंदाला ६ किलोमीटरहून अधिक वेगाने मुद्दाम आदळवण्यात आले. हा लघुग्रह डिडिमॉस या मोठ्या जोडीदाराभोवती ११ तास ५५ मिनिटांत फिरत असे. टकरीनंतर तो काळ अर्ध्या तासाहून थोड्या अधिकाने कमी झाला. अपेक्षेपेक्षा परिणाम मोठा झाला, कारण टकरीने उडालेल्या ढिगाऱ्याने उलट दिशेने जाताना लघुग्रहाला आणखी रेटा दिला. अर्थात, हा रेटा किती मिळेल हे दगड घट्ट आहे की नुसता खडीचा ढीग आहे यावर अवलंबून असते, आणि ते पाहण्यासाठीच युरोपचे ‘हेरा’ यान ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या जोडीकडे निघाले आहे. अणुस्फोटाचा विचार अभ्यासक करतात, पण वेळ अगदी थोडा उरला असेल किंवा लघुग्रह फार मोठा असेल तेव्हाचा. आणि तोही दगड फोडण्यासाठी नव्हे, तर जवळ स्फोट घडवून त्याचा पृष्ठभाग वाफ होऊन उडावा आणि त्या धक्क्याने दगड बाजूला सरकावा, यासाठी.